पावलांवर बसलेलं गाणं

खोलीतले सगळे हसले, आणि त्या हसण्यात एक आवाज आपलाही होता हे शीतलच्या लक्षात आलं ते बाकीचे थांबल्यावर. तिचं हसू अर्धा श्वास उशिरा संपलं. पडद्यावर नायक अजून चालतच होता. सिनेमातला हा नायक सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साड्यांचे गठ्ठे वाहणारा हमाल. अंगात कुठूनशी अचाट ताकद आलेली, पण ती वापरायची कशी ते न कळलेला. गुंडांनी मारून गठ्ठ्यांत फेकलेला तो माणूस उठतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर ओझं नसताना गल्लीतून त्यांच्या दिशेनं चालू लागतो. दीड मिनिटांची चाल. त्या चालीखाली शीतलनं एक अहिराणी गाणं लावलं होतं. ढोलकी, सिंथेसायझरवरची पिपाणी आणि एका तरण्या गड्याचा उघडा आवाज: "रडू नको वं माय, मी चालनू सुरतले." दुसऱ्या ओळीत साडीचा उल्लेख आला, तसा निर्माते परसोत्तमभाईंचा भाचा खुर्चीतून पुढे झुकून म्हणाला, "आ तो लिंबायतनी जान नीकळी!" म्हणजे लिंबायतची, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीची, वरात निघाली. खोलीत पाचच माणसं होती, पण हसू पंचवीस माणसांचं वाटलं. दिग्दर्शक केयूरनं डोळे पुसत तिच्याकडे पाहिलं आणि तो गुजरातीत म्हणाला, "शीतलबेन, मस्करी छान केलीत. आता ते इंग्लिश रॅप परत टाका. पाच वाजता अमदावादचे शेठ येतायत." शेठ म्हणजे वितरक. सिनेमा किती थिएटरांत लागणार ते त्यांच्या हातात होतं. शीतल म्हणाली, "हो हो, टाकते." मस्करी नव्हती, हे ती म्हणाली नाही. गाणारा आवाज तिच्या धाकट्या भावाचा, लखनचा आहे, हे तर तिनं या स्टुडिओत सहा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

सगळे खाली फरसाणच्या दुकानात लोचो खायला गेले आणि ती संपादनाच्या टेबलाशी एकटी उरली. एसीचा आवाज, खालून येणारा तळणाचा वास, पडद्यावर थिजलेला नायक, त्याचा एक पाय उचललेला. तिला कानामागे ऊन लागल्यासारखं वाटत होतं. लोक हसले याचं तिला तितकं वाटलं नव्हतं. लोक हसतात. पण आपण हसलो, तेही इतक्या सहज. त्या हसण्याला जराही वेळ लागला नव्हता, जणू ते घशात आधीपासून तयार बसलं होतं. केव्हापासून बसलं असेल? ती चौथीत असताना बाईंनी विचारलं होतं, घरी काय बोलता? बाकाच्या टोकाला बसलेली एक मुलगी तिच्या वतीनंच म्हणाली होती, "ए लोको 'शे शे' बोले छे, बेन," आणि 'आहे'ला 'शे' म्हणण्यावर वर्ग हसला होता. तेव्हाही ती वर्गाबरोबर हसली होती का? आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की त्या दिवशी घरी येऊन ती आईशी गुजरातीत बोलली होती. मालतीबाईंनी भाकरी थापता थापता मान वर करून पाहिलं होतं, रागानं नाही, घरात कुणी परकं माणूस आलं असेल तर पदर सावरून बघतात तसं.

केयूरच्या स्टुडिओत तिला पहिल्या दिवशी फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं तेव्हा कुणीतरी नाव लिहिलं 'शीतल पटेल'. ती पाटील. काना-मात्रेचा फरक, असं म्हणून तिनं सोडून दिलं. मग लोक पटेल समजूनच बोलत राहिले, तिच्यासमोर लिंबायतबद्दल, उधन्याबद्दल, 'त्या बाजूच्या' लोकांबद्दल मोकळेपणानं बोलत राहिले, आणि ती कॉम्प्युटरकडे बघत मान डोलावत राहिली. संध्याकाळी बस पकडून ती त्याच बाजूला उतरायची. निंबा पाटील, तिचे वडील, तीस वर्षं लूमवर काम करून आता ओट्यावर बसलेले असायचे. ऐकू फार कमी यायचं त्यांना. पण तेच निंबा पाटील एकेकाळी जेवताना घास तोंडाशी थांबवून म्हणायचे, "तिसरा लूम चुकी ऱ्हायना," आणि दोन भिंतींपलीकडच्या कारखान्यात खरंच तिसऱ्या लूमचा ठोका चुकत असायचा. शीतलचा कान त्यांचाच. एडिटिंग शिकवणारे सर म्हणायचे, ही पोरगी डोळ्यांनी कापत नाही. खरंच होतं ते. दृश्य कुठे तोडायचं ते तिला आधी ऐकू यायचं.

आणि त्या कानानंच तिला या चालीत गोंधळ ऐकू आला होता. तीन आठवडे तिनं केयूरनं दिलेलं इंग्लिश रॅप लावून पाहिलं. जोरदार होतं, ऐकलं की खांदे आपोआप उडायचे. पण नायकाची पावलं त्यावर बसत नव्हती. नट नाटकातला, मेहनती. दोन महिने मार्केटात हमालांबरोबर गठ्ठे उचलून त्यानं चाल शिकून घेतली होती. गुडघ्यात किंचित वाकलेली, टाच आधी टेकणारी चाल. ओझं उतरलं तरी ओझ्याखालची सवय न गेलेली. रॅप म्हणत होतं, बघा मी आलो. पावलं तसं काही म्हणत नव्हती. ती दुसरंच सांगत होती, आणि काय ते शीतलला कळत नव्हतं. तिनं दुसरं रॅप लावलं, गरब्याचा ठेका लावला, नुसते नगारे लावले. मग एका दुपारी घरी लखननं आपलं नवं गाणं मोबाइलवर वाजवलं आणि ती ताटावरून उठली. ठोका तोच होता. आधी टाच, मग पाऊल.

लखन शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका डाईंग मिलमध्ये सुपरवायझर होता, आणि सुट्टीच्या दिवशी उधन्याच्या एका खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेल्या स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करायचा. खानदेशातल्या प्रत्येक हळदीत त्याचं कुठलंतरी गाणं वाजत असे. बायका साडीचा पदर कमरेला खोचून त्यावर नाचत आणि नाचता नाचता शब्द कानावर आले की मधेच डोळे पुसत, कारण ठेका लग्नाचा आणि शब्द निघून जाण्याचे. पोरगा आईला सांगतोय, रडू नकोस, सुरतेला चाललोय. दिवाळीला येईन, तुला साडी आणीन. साड्यांच्या डोंगरांखाली आयुष्य काढणाऱ्या माणसाला त्यातली एक साडी आईला न्यायचीय. तिला वाटलं होतं, या नायकाला याहून नेमकं गाणं कोण देणार.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात असताना ती आणि लखन उधन्याच्या जुन्या टॉकीजमध्ये अफाट ताकदीच्या नायकांचे इंग्लिश सिनेमे बघायला जात. सगळं हिंदीत डब केलेलं. अमेरिकन पोलीस 'अबे' म्हणायचा, परग्रहावरचा राक्षस 'खामोश' म्हणायचा. फक्त गाणी तशीच ठेवलेली असत. एकदा एक नायक इमारतीवरून खाली पडत होता, शहर पेटलं होतं, आणि खाली वाजत होतं कसलंतरी जुनं, हलकं गाणं, कुणी गच्चीवर कपडे वाळत घालताना रेडिओ लावावा तसं. टॉकीज हसलं होतं. शीतल मात्र खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती. शब्द कळले नव्हते. पण हे त्याच्या घरातलं गाणं आहे, एवढं तिला कळलं होतं. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात ते वाजत असणार. मोठा आवाज, तुताऱ्या, नगारे हे बाहेरच्यांनी त्याच्याबद्दल वाजवायचं. त्याच्या आत काय वाजतंय ते एका साध्या गाण्यानंच कळतं, आणि म्हणून पडता पडता तो देव न राहता कुणाचातरी मुलगा होतो. बाहेर पडल्यावर लखन म्हणाला होता, गाणं काय चुकीचं लावलंय! आणि तिनं त्याला उधना स्टेशनपर्यंत समजावलं होतं, चुकीचं नाही, तेच बरोबर आहे. लखन तेव्हा गात नव्हता. त्यानंतर वर्षभरानं गायला लागला.

फोन वाजला. लखनच होता. मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली असणार, मागे भोंगा संपत होता. तिनं त्याच्याकडून नुसत्या आवाजाचा वेगळा ट्रॅक मागून घेतला होता, त्यामुळे आज सकाळी गाणं दाखवणार हे त्याला माहीत होतं. ती जिन्यात गेली.

"ताई, आवडनं का त्यास्ले?"

जिन्याच्या भिंतीवर पान खाऊन टाकलेल्या पिचकाऱ्या होत्या आणि त्यांच्या वर कुणीतरी देवांच्या फरशा लावल्या होत्या. ती त्या देवांकडे बघत राहिली. "हसनात," ती म्हणाली.

"हसनात?" तो थांबला. "कोठे? साडीवर?"

"साडीवर."

"आनि तू काय सांगं?"

खोटं बोलणं अगदी जवळ होतं. मी भांडले, म्हणता आलं असतं. तांत्रिक अडचण आली, म्हणता आलं असतं. पण ती अहिराणीत बोलत होती, आणि त्या भाषेत तिला खोटं बोलायची सवय नव्हती. खोट्यासाठी तिच्याकडे दुसऱ्या भाषा होत्या. तिनं त्याला सांगून टाकलं की तीही हसली. लखन चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "बरं." मग थोड्या वेळानं, लहानपणी मांजा तुटल्यावर विचारायचा त्या आवाजात, "मंग आते काय करशी?"

ती परत टेबलाशी आली. काम दहा मिनिटांचं होतं. रॅपची फाइल जागेवरच होती. एक ओढायची, एक पुसायची. तिनं लखनच्या आवाजाची पट्टी निवडली, ती उजळली, आणि बोट बटणावर नेलं. पट्टीवर आवाजाच्या लाटा दिसत होत्या, 'माय'पाशी रुंद, 'सुरतले'पाशी निमुळत्या. त्या लाटांच्या बरोबर वर दृश्याचे तुकडे होते, प्रत्येक तुकडा तिनं ढोलकीच्या थापेवर तोडलेला. टाच, थाप, कट. गठ्ठ्यांवर बसलेली कबुतरं उडतात, थाप. चहावाला किटली खाली ठेवतो, थाप. तिनं एवढं नीट काम आयुष्यात दुसरं केलं नव्हतं. तिला आतून काहीतरी तापत वर येताना जाणवलं. आधी तिला ती लाजच वाटली, कारण लाजेची तिला ओळख होती. पण लाज माणसाला आत ओढते, आणि हे बाहेर येऊ बघत होतं. हा राग होता. भाच्यावर नव्हे, केयूरवर तर नव्हेच, केयूर भला माणूस होता. सहा वर्षं मान डोलावणाऱ्या त्या पटेल बाईवर होता. तिनं बोट उचललं, खुर्ची मागे सारली आणि खाली जाऊन, भाचा आणि केयूर बसले होते त्यांच्याच शेजारच्या टेबलावर, भरपूर तेल आणि मिरची घालून लोचो खाल्ला. केयूरनं विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं."

पाचला अमदावादचे शेठ आले. पांढरे कपडे, शांत डोळे, हातात दोन मोबाइल. परसोत्तमभाईंनी त्यांना मधली खुर्ची दिली. सिनेमा सुरू झाला आणि चालीचा प्रसंग यायच्या जरा आधी शीतलनं तो थांबवला. खोलीत अंधार होता, तिला कुणाचे चेहरे दिसत नव्हते, आणि त्यामुळे जमलं. ती गुजरातीत बोलली, तिचं गुजराती त्या खोलीतल्या कुणाहूनही कमी चांगलं नव्हतं. "पुढचं गाणं मी सकाळी काढून टाकायला हवं होतं. काढलेलं नाही. ते माझ्या भावानं गायलंय. आम्ही लिंबायतचे. माझं आडनाव पाटील आहे, पटेल नाही. सकाळी सगळे हसले, मीही हसले. आता कुणाला हसायचं असेल तर आधी सांगा, मी दिवा लावते. हसणाऱ्याचं तोंड मला बघायचंय."

केयूरनं "शीतलबेन" असं काहीतरी म्हटलं. तिनं बटण दाबलं.

टाच, थाप. कबुतरं. "रडू नको वं माय." 'साडी' आली. कुणी हसलं नाही. भाच्यानं खुर्चीत पाय बदलला, एवढंच. दीड मिनिट संपलं, गुंडांची मारामारी झाली, सिनेमा शेवटाला गेला, आणि दिवे लागल्यावर शेठनी परसोत्तमभाईंशी न बोलता मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"गातो चांगला तुझा भाऊ," ते म्हणाले. "ती चाल बघताना मला माझे वडील आठवले. पण बेटा, गाणं काढावं लागेल. राजकोटला, भुजला कुणाला कळणार ही भाषा?"

"त्या इंग्लिश गाण्यातला एक शब्द तरी कळतो का राजकोटला?"

शेठ हसले. ते हसणं वाईट नव्हतं, उलट एखादं गुपित वाटून घ्यावं तसं होतं. "कोईने नथी समजातुं, एटले तो कोईने वांधो नथी," ते म्हणाले.

कुणालाच कळत नाही, म्हणून तर कुणाची हरकत नाही. किती खरं होतं ते! जे कुणाचंच नाही ते सगळ्यांना चालतं. लखनचं गाणं कुणाचंतरी होतं, मार्केटात रोज पाठीवर गठ्ठा घेऊन समोरून जाणाऱ्या माणसाचं होतं, आणि ते ऐकलं की त्याचा चेहरा बघावा लागला असता. "मग हमाल कशाला केला त्याला?" ती म्हणाली. "पाठ त्याची घेतली, चाल त्याची घेतली. फक्त आवाज नको?"

"शीतलबेन, बस्स," परसोत्तमभाई म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "आज काढून टाका."

"मी नाही काढणार. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

तिनं पर्स उचलली, पाण्याची बाटली उचलली, टेबलाच्या खणातली हेडफोनची पिशवी घेतली. केयूर जिन्यापर्यंत मागे आला. "एका गाण्यासाठी?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच कळत नव्हतं, हे तिला दिसलं. त्याला समजवायला तिच्याकडे उधना स्टेशनपर्यंतचा रस्ता नव्हता. ती म्हणाली, "हो. एका गाण्यासाठी," आणि उतरली. घरी तिनं नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा वडिलांना दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला कळलं. मालतीबाई म्हणाल्या, "मंग काय व्हयनं? हातपाय शेतस ना," आणि भाजीत पाणी वाढवलं. जेवताना लखननं आपल्या ताटातला पापड तिच्या ताटात ठेवला.

आठ दिवसांनी केयूरचा फोन आला. गाणं काढलं, रॅप बसवलं, पण चाल बसत नाही. सगळे कट भलत्याच जागी पडतायत, माणूस पडद्यावर लंगडल्यासारखा दिसतोय. दुसऱ्या एडिटरला बोलावलं, त्यानंही हात टेकले, सगळा प्रसंग पहिल्यापासून कापावा लागेल म्हणतो, आणि तारीख तर ठरलीय. एक दिवस येऊन जाल का? ती गॅलरीत उभी होती. खाली लूमचे ठोके चालले होते. तिला क्षणभर मोह पडला, कामाचा मोह, आपलं बिघडलेलं काम नीट करण्याचा. मग ती म्हणाली, "केयूरभाई, ते बिघडलेलं नाही. मी ज्या गाण्यावर कापलंय ते लावा, बसेल." त्यानं फोन ठेवला.

सिनेमा मार्चमध्ये लागला. तोवर तिला पांडेसरा भागातल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे काम मिळालं होतं, आणि त्याच्या पाटीवर आता तिचं आडनाव नीट लिहिलेलं होतं. पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला ती लखनला घेऊन गेली. त्याला यायचं नव्हतं. हॉल अर्धा भरला होता, पुढच्या रांगांत मार्केटातली पोरं, मागे कुटुंबं, मक्याच्या लाह्यांचा गोडसर वास. मध्यंतर झालं. नायक मार खाऊन गठ्ठ्यांत पडला, उठला. रॅप सुरू झालं, सीट हादरली. आणि पडद्यावर तो माणूस चालू लागला, रॅपवर नव्हे. रॅप एकीकडे धावत होतं आणि तो दुसऱ्याच ठोक्यावर, वाकल्या गुडघ्यानं, टाच आधी टेकत येत होता. कबुतरं उडाली ती रॅपच्या कुठल्याच ठोक्यावर नाही. किटली खाली आली ती कुठल्याच ठोक्यावर नाही. एकही कट बदललेला नव्हता. लोक चुळबुळले, कुणीतरी शीळ घातली, काहीतरी चुकतंय हे हॉलला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. शीतलला मात्र सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी आवाज काढून घेतला होता, पण गाणं तिथून निघालंच नव्हतं. ते त्या पावलांत होतं, आणि गुजरातभर जिथे जिथे हा सिनेमा लागला होता तिथे तिथे, राजकोटला, भुजला, तो माणूस लखनच्याच ठेक्यावर चालत होता.

तिनं शब्द म्हणायला सुरुवात केली. आधी ओठांतल्या ओठांत, नटाच्या टाचेबरोबर. मग जरा मोठ्यानं. लखननं दचकून तिचा दंड धरला. "ताई, गप. लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे," ती म्हणाली आणि गात राहिली. तिचा आवाज काही चांगला नव्हता, वरच्या सुरात चिरकला, पण ठोका चुकला नाही. पुढच्या रांगेतला एक माणूस मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघायला लागला. तो हसणार होता की ओरडणार होता, त्या अंधारात कळत नव्हतं. शीतलनं त्याच्या डोळ्यांत बघत साडीची ओळ म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उघड्या आवाजात.